न बोलावलेल्यांना नको कसं म्हणायचं

तोरुनला जायचं हे ठरवायला उलाला सदतीस वर्षं लागली. ठरल्यावर ते लोकांना सांगायचं कसं, यावर मात्र घरात नऊ दिवस खल झाला आणि त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही.

घोळ माल्विनाने घातला. लेक व्रोत्सवावहून आली आणि आल्या आल्या तिने आईच्या हातात एक पाकीट ठेवलं. तोरुनमध्ये दोन रात्रींची खोली, जुन्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, आईबाबा दोघांसाठी. उलाने लेकीला मिठी मारली, डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग तारखा वाचल्या. वीस ते बावीस ऑक्टोबर.

"अगं, एकवीसला तर माझा नामदिन! लोक येतात!"

"म्हणूनच तर एकवीस," माल्विना म्हणाली.

पोलंडमधल्या वोविच गावात वाढदिवस असतात ते पोरासोरांचे. मोठ्या माणसाचा असतो तो नामदिन, म्हणजे ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस, आणि नामदिनाला कोणी कोणाला बोलवत नाही. बोलावणं म्हणजे फुलं घेऊन या असं तोंडाने सांगण्यासारखं. इतकी लाज कोणी सोडलेली नसते. लोक आपणहून येतात. उला म्हणजे उर्शुला, म्हणून संत उर्शुलाच्या दिवशी चार वाजल्यापासून उलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडं राहायचं आणि दहा येतील की वीस, हे देवच जाणे म्हणून ती पंचवीस जणांचं रांधायची. तीन किलो बटाट्यांचं मेयोनेझ घातलेलं सॅलड, तेलात मुरवलेले हेरिंग मासे, डुकराच्या पायांची थिजवलेली जेली, पनीरचा केक. दरवर्षी बावीस तारखेला गरम पाण्यात पाय सोडून ती जाहीर करायची, "पुढच्या वर्षी मेले तरी करणार नाही." नवरा चेस्वाव मान डोलवायचा. पुढच्या वर्षी ती मरायची नाही आणि करायची, अशी सदतीस वर्षं.

आता प्रश्न असा होता की ज्यांना बोलावलंच नाही, त्यांना येऊ नका असं सांगायचं कसं?

"सांगूच नकोस," माल्विना म्हणाली. "येतील, दार बंद बघतील, जातील."

"चार जिने चढून? गेनियाआत्याचे गुडघे बघितलेस?"

"मग फोन करून सांग."

"काय सांगू? 'तू येणार असं मी गृहीत धरलंय, तर येऊ नकोस' असं? ती म्हणेल, मी कुठे येणार होते? आणि दहा वर्षं बोलणार नाही."

हे खरंच होतं.

या सगळ्यात सुखी होता तो एकटा चेस्वाव. त्याने एकोणतीस वर्षं वोविचच्या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. 'तोरुनला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे' हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही ते त्याच्या तोंडून स्वच्छ बाहेर पडे. अर्ध्या जिल्ह्याला त्याने तोरुनला धाडलं होतं. स्वतः तो एकदाही गेला नव्हता. पाकीट आलं त्याच संध्याकाळी त्याने चौकटींचा कागद घेतला, पट्टी घेतली आणि वेळापत्रक आखायला बसला. पुढचे नऊ दिवस तो त्यातच होता. त्यात सगळं होतं. नऊ सतरा, नगरभवनाचा मनोरा, चढणे. नऊ एकोणचाळीस, दम खाणे. अकरा पाच, खगोलशास्त्रज्ञाचं घर. बारा दहा, नदीकाठी बसणे, सोबत आणलेली उकडलेली अंडी. चार चाळीस, कललेला बुरूज, भिंतीला पाठ लावून उभे राहणे, प्रत्येकी दोन प्रयत्न.

"भिंतीला पाठ कशाला लावायची?" उलाने विचारलं.

"टाचा भिंतीला टेकवायच्या, हात समोर धरायचे. बुरूज कललेला आहे. जो पापी असेल तो पडतो."

"आणि दोन प्रयत्न का?"

"पहिल्यात तू पडशील," चेस्वाव म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. गाडीला होणारा उशीर धरावा तसं त्याने ते हिशेबात धरलं होतं.

पुढच्या रविवारी माल्विना पुन्हा आली. आईबाप ऐनवेळी कच खातील अशी तिला खात्री होती. रविवार म्हणजे कोंबडीचं सूप आणि घरच्या शेवया, आणि सूप म्हणजे बरोबर एक वाजता गेनिया. गेनिया चेस्वावची थोरली बहीण. नवरा वात्सेक जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. ती धापा टाकत आली, डोक्यावरची टोपी न काढता खुर्चीत बसली आणि पहिल्या चमच्यालाच तिला चौकटींचा कागद दिसला.

"हे काय?"

"काही नाही," उला म्हणाली.

"तोरुन," माल्विना त्याच क्षणी म्हणाली. "आई-बाबा तोरुनला चाललेत, आत्या. वीस ते बावीस."

उलाने लेकीकडे असं पाहिलं की सूपही थिजावं. गेनियाने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं.

"जा की. छान आहे म्हणतात. मला काय त्याचं? मला कुठे कोणी बोलावलंय एकवीसला?"

"गेनिया, तसं नाही गं..."

"मी येणारच होते असं कोण म्हणालं? माझे गुडघे आता चार जिने चढतात का?"

त्याच गुडघ्यांनी ती आत्ताच चार जिने चढून आली होती, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती झाली नाही.

एवढ्यात दारावर थाप पडली आणि उलाचा धाकटा भाऊ लेशेक आत आला. शहराबाहेरच्या मळ्यात त्याचा भाजीचा वाफा होता. तिथल्या कांद्याच्या पातीची जुडी त्याच्या हातात होती. गेनियाला बघून तो दारातच घुटमळला. गेनियाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

गेनियाचा वाफा लेशेकच्या वाफ्याला लागून. मधल्या कुंपणाला लागून वात्सेकने लग्नाच्या वर्षी चेरीचं झाड लावलेलं. वात्सेक गेला, आणि पुढच्याच वसंतात लेशेकने ते झाड तोडलं. टोमॅटोवर सावली येते म्हणून, असं गेनिया म्हणते. झाडाला कीड लागली होती, असं लेशेक म्हणतो. त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती. एकमेकांची नावंही घेत नव्हती. तो 'तुझा भाऊ' होता, ती 'तुझी नणंद'. वर्षातून एकदा मात्र, उलाच्या नामदिनाला, दोघं एका टेबलाशी बसायची. बोलावलेलं नसतं, त्यामुळे कोणी कोणासाठी आलं असं होत नाही आणि कोणाला माघार घ्यावी लागत नाही. हे टेबल आपण मांडतो म्हणून या दोघांमधला धागा टिकून आहे, असं उलाचं ठाम मत होतं. वर्षातून एक दिवस थकायला तिला हे कारण पुरेसं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचा तिला थोडा माजही होता.

"ये, बस," उला म्हणाली. "सूप घे."

लेशेक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मीठ गेनियाच्या हाताशी होतं.

"उला, तुझ्या नणंदेला सांग, मीठ सरकव म्हणावं."

"गेनिया, मीठ दे जरा."

"तुझ्या भावाला सांग, सूपात मीठ पुरेसं आहे."

"लेशेक, मीठ आहे म्हणते."

"मला आळणी लागतंय, सांग तिला."

"त्याला आळणी लागतंय."

गेनियाने मीठ उलाकडे दिलं, उलाने लेशेककडे. माल्विनाने डोळे मिटून घेतले. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं, पण आता लहानपणापासून पाहिल्यासारखं वाटायला लागलं होतं.

उलाला यात काही वावगं वाटत नसे. लग्नाआधी ती टपाल कचेरीतल्या टेलिफोनवर होती. कानाला यंत्र लावून बसायचं, इकडची तार तिकडे खोचायची, वॉर्सा जोडून द्यायचं, ग्दान्स्क जोडून द्यायचं. तिथे एकच नियम कडक होता. जोडून दिलं की कानावरचं यंत्र काढायचं; दोघांचं बोलणं ऐकत बसणं हे पाप. उला हुशार होती, चपळ होती, आणि यंत्र काढायला दरवेळी विसरायची म्हणून मोठ्या बाई तिला फैलावर घ्यायच्या.

"आणि हा कसला नकाशा?" लेशेकने कागद उचलला.

माल्विनाने पुन्हा सांगितलं. लेशेकचा चेहरा पडला.

"एकवीसला? मग तुझा नामदिन?"

"मी नसेन घरी."

"असं कसं नसशील?" लेशेक म्हणाला. "उला, आईपासून चालत आलंय. आई खाटेवर होती तेव्हासुद्धा दार उघडं ठेवलं होतं."

"अगदी बरोबर," गेनिया खिडकीला म्हणाली. "पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललं कोणीतरी."

उला थक्क झाली. अकरा वर्षांत या दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं, आणि ते तिला घरी डांबून ठेवण्यावर.

"आत्या, मामा, आई सहासष्ट वर्षांची आहे," माल्विना म्हणाली. "दोन दिवस तिने बटाटे सोलले नाहीत तर पोलंड बुडणार आहे का?"

"बटाट्यांचं कोण बोलतंय?" गेनिया फणकारली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बाटली एकच राहिलीय. म्हणून म्हटलं."

दरवर्षी गेनिया चेरीच्या घरगुती दारूची एक बाटली आणायची. वात्सेकने शेवटच्या उन्हाळ्यात त्या झाडाची जितकी चेरी निघाली तितकी बाटल्यांत भरून ठेवली होती. गेनिया सगळ्यांना आपल्या हाताने वाढायची. लेशेकचा पेला तेवढा ओलांडून पुढे जायची. दरवर्षी. आणि दरवर्षी लेशेक तो रिकामा पेला समोर ठेवून बसायचा, उलटा करायचा नाही.

"ही शेवटची," गेनिया म्हणाली. "घरात एकटीने उघडायची का आता?"

उलाने लेशेककडे पाहिलं. तो कांद्याच्या पातीची मुळं खुडत होता. तिने गेनियाकडे पाहिलं. मग तिला कळून चुकलं की आपण हरलो.

"बरं," ती म्हणाली. "नाही जात. पुढे कधीतरी जाऊ. तोरुन काही पळून जात नाही."

"आई!" माल्विना उठून उभी राहिली. "काय वाटेल ते कर!" ती खोलीत गेली आणि दार आपटलं. चाळिशीची बाई, पण दार अजून चौदाव्या वर्षासारखं आपटायची.

चेस्वावने लेशेकच्या पुढ्यातला आपला कागद घेतला, त्यावर पडलेला सूपाचा थेंब बाहीने टिपला, आणि तो कागद घडी घालायला लागला. अर्धा, मग पाव, मग आणखी अर्धा. प्रत्येक घडीवर नख फिरवून. नवरा रागावला असता तर उलाने त्याला गप्प केलं असतं, तो कुरकुरला असता तर तिने ऐकलं नसतं. पण तो इतक्या नीट घडी घालत होता की तिला ते बघवेना. एकोणतीस वर्षं या माणसाने लोकांना गाडी कधी सुटते ते सांगितलं. आणि त्याची स्वतःची गाडी आपण नुकतीच बटाट्यांसाठी रद्द केली.

उला उठली. दाराशेजारच्या खिळ्यावरची जादा किल्ली काढली आणि आणून टेबलावर ठेवली. बरोबर मधोमध, गेनिया आणि लेशेक यांच्यामध्ये.

"हे काय?" दोघांनी एकदम विचारलं.

"तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, हो ना? मग मी घरी कशाला हवी? ही किल्ली. सॅलड फ्रिजमध्ये असेल. मी तोरुनला चालले."

"उला, तुझ्या नणंदेला विचार, किल्ली कोणी ठेवायची ते."

"तुझ्या भावाला सांग..."

"नाही सांगत," उला म्हणाली आणि सूपाची भांडी उचलून आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडून ती उभी राहिली आणि बाहेरचं ऐकायचा प्रयत्न करू लागली. काही ऐकू आलं नाही, कारण बाहेर कोणी काही बोलतच नव्हतं. भांडी घासून ती परत आली तेव्हा दोघंही गेली होती. किल्लीही गेली होती. कोणी नेली, ते चेस्वावला माहीत नव्हतं. तो तेव्हा कागदाच्या घड्या उलगडत होता.

पुढच्या आठवड्यात उलाने गाडी पकडण्याआधी तीन किलोंचं सॅलड केलं. "थोडंसंच," ती माल्विनाला फोनवर म्हणाली. जेलीही केली. हेरिंगही. पनीरच्या केकचा शेवटचा घाणा ओव्हनमधून काढून ती तशीच स्टेशनवर पळाली, आणि डब्यात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन दिवसांच्या विश्रांतीला निघताना आपण कमरेला फडकं तसंच गुंडाळून आलोय.

तोरुन सुंदर होतं. निदान चेस्वाव तसं म्हणत होता. एकवीस तारखेला त्याने तिला नऊ सतराला मनोऱ्यावर चढवलं, नऊ एकोणचाळीसला दम खाऊ दिला. लाल विटांची छपरं, नदी, पूल, सगळं खाली पसरलं होतं, आणि उला मनातल्या मनात मोजत होती की चौथ्या मजल्यावर एव्हाना बटाटे बाहेर काढून ठेवायला हवेत, नाहीतर गार लागतात. खगोलशास्त्रज्ञाच्या घरात तिने पृथ्वी कोणाभोवती फिरते ते ऐकलं आणि गेनियाकडे किल्ली असेल की लेशेककडे, याचा विचार केला. नदीकाठी उकडलेलं अंडं खाताना तिने फोन हातात घेतला आणि परत पिशवीत टाकला.

"चार वाजले," ती दुपारी म्हणाली.

"तीन बावन्न," चेस्वाव म्हणाला.

चार पंचावन्नला दोघं कललेल्या बुरुजाशी पोचली. पंधरा मिनिटं उशीर. आधी चेस्वाव भिंतीला टाचा लावून उभा राहिला आणि सरळ पुढे कोसळला, मग हसला, मग पुन्हा कोसळला. दोन प्रयत्न. उलाने भिंतीला पाठ टेकवली. मग तिला राहवेना. तशीच टेकून राहून तिने फोन काढला आणि आपल्याच घरचा नंबर लावला.

नऊ वेळा वाजला. दहाव्याला कोणीतरी उचलला. मागे प्रचंड गलका.

"कोण?" गेनिया ओरडली.

"मी. उला."

"कोण उला?"

"अगं, जिचा नामदिन आहे ती!"

"हां, हां! थांब, काही ऐकू येत नाही. लेशेक! अरे लेशेक, ते दार लाव!"

"तूच उघडं टाकलंस, गेनिया!" मागून आवाज आला, आणि दार लागल्याचा आवाज आला.

उलाने सवयीने तोंड उघडलं. काहीतरी पुढे पोचवायचं होतं. मग लक्षात आलं की ते आधीच पोचलं.

"तुम्ही... बोलताय?"

"मग काय करणार?" गेनिया म्हणाली. "मी किल्लीने दार उघडून आत आले आणि तुझं मीठच सापडेना. मीठ कुठे ठेवतेस ते तुलाच ठाऊक. तो कांदापात घेऊन आला तर म्हटलं, याला माहीत असेल. विचारावंच लागलं. तू नव्हतीस ना."

तू नव्हतीस ना. उलाने ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. अकरा वर्षं आपण या दोघांना बांधून ठेवतोय असं ती समजत होती. दोघांमध्ये बसून प्रत्येक शब्द ती आपल्या हाताने उचलायची आणि पलीकडे ठेवायची. त्यांना एकमेकांकडे बघायची कधी वेळच येऊ द्यायची नाही. तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रडूही.

"बाटली?" तिने विचारलं.

"संपली. शेवटचा पेला लेशेकला दिला. हातात घेऊन रडला मेला. मग प्यायला आणि म्हणाला, आंबट आहे."

"मग?"

"आंबटच होती. वात्सेकचं झाडच आंबट होतं गं, पहिल्यापासून. कोणी बोलायचं नाही एवढंच."

"मला घोटभर ठेवायचीस."

"तू कुठे होतीस? बरं, फोन ठेवते, दारावर कोणीतरी आलंय." आणि फोन बंद झाला.

उला थोडा वेळ बंद फोन कानाला लावून उभी राहिली. घरी वीस माणसं जेवत होती, भांडत होती, सॅलड आळणी आहे म्हणत होती, आणि तिच्यावाचून कोणाचंही काही अडलेलं नव्हतं. सदतीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर ते भलतंच झोंबलं. तिने फोन कानावरून काढला आणि पिशवीत अगदी तळाशी टाकला.

"वीस मिनिटं उशीर," चेस्वाव म्हणाला. "लाव टाचा."

तिने टाचा भिंतीला भिडवल्या, हात समोर धरले आणि एका क्षणात धाडकन पुढे गेली. चेस्वावने तिला दोन्ही हातांनी झेललं. चौकटींचा कागद उडून दगडी रस्त्यावर पडला.

"बघ," तो धापा टाकत म्हणाला, "म्हटलं होतं ना, पहिल्यात पडशील. एवढं पाप केलंस तरी काय गं?"

उला त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

"जोडून दिलं," ती म्हणाली, "आणि कानावरचं यंत्र काढलं नाही."